माझा इंटरव्ह्यू रेडिओने दिला

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागे एकाला हे सांगताना त्याने कप माझ्याच शर्टवर उपडा केलेला. डाग गेला नाही.

तर ऐका. मी एक स्वस्तातला रेडिओ घेतला. बस, एवढंच केलं मी! एक साधा, सेलवर चालणारा, लाल रंगाचा रेडिओ. त्या रेडिओने माझा नोकरीचा इंटरव्ह्यू दिला. मी नाही दिला. त्याने दिला. आणि मी जिन्यात धावत होतो.

थांबा, नीट सांगतो.

ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगखाली सिमेंटचा कट्टा आहे, बरोबर आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीखाली. त्यावर संध्याकाळी तीन मेंबर हमखास. एक सबनीस आजोबा, ठाण्याच्या कोर्टातून रिटायर झालेले. बोलणं इतकं शुद्ध की समोरच्याला उगाच आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. दुसरे गावडे काका, एसटीचे माजी कंडक्टर. आणि तिसरी म्हात्रे आजी, इथल्या मूळ गावठाणातली. आजी रागावली की कुत्री गेटबाहेर जातात. स्वतःहून.

यांचा जुना रेडिओ मेला. आत सेल पाझरले, हिरवं हिरवं पाणी आलं. नवीन कोण आणणार? तिघांनी वर बघितलं. गॅलरीत मी उभा.

"ओंकार, तू मोकळाच आहेस ना?" सबनीस आजोबा.

मोकळा म्हणजे काय, डिग्री झाल्यापासून मी मोकळाच होतो! घरी बाबांनी शेवटचं सांगितलेलं, "या महिन्यात नोकरी नाही लागली तर शीळफाट्याला मामाकडे." मामाचं तिथे टाइल्स आणि कमोडचं दुकान आहे. माझं पुढचं आयुष्य मला स्पष्ट दिसत होतं. पांढरंशुभ्र आणि झाकणासकट.

"कसा हवाय रेडिओ?" मी विचारलं.

"आवाज स्वच्छ हवा. घरघर नको," सबनीस आजोबा.

"सेलवर चालला पाहिजे हां!" गावडे काका. "ते चार्जिंग-बिर्जिंग नको. लाइट गेली की बसा बोंबलत."

"बटन मोठं पायजे," म्हात्रे आजी. "आनि एकच. मना जास्त बटनं दाबायला नाय जमत."

"आणि स्वस्त," तिघंही. एका सुरात.

गेलो कल्याणला. दुकानदाराने पहिला काढला तो साबणाच्या वडीएवढा. इअरफोन लावल्याशिवाय स्टेशन पकडत नव्हता, कारण इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. तीन माणसं, सहा कान, एक इअरफोन. कट्ट्यावर मारामारी झाली असती. दुसरा लाकडी, जुन्या काळातल्यासारखा, देखणा. किंमत ऐकून मी तो दोन्ही हातांनी जपून परत ठेवला.

तिसरा हा. लाल. वर हँडल, बाजूला लांब होणारी एरियल, मागे जाडे सेल, पुढे एकच भलंमोठं बटण.

"स्टेशन खेचतो का?"

"भाऊ, ठाकुर्लीत काय, कसाऱ्याला पण खेचेल. आणि ब्लूटूथ आहे. माइक पण आहे. मोबाइल जोडला की कॉल यावरच घ्यायचा. टुंग वाजलं की बटण दाबायचं, बोलायचं."

"आजोबा लोकांना माइक कशाला?"

"अरे फुकट आहे, राहू दे ना!"

फुकट हा शब्द ऐकला की माझा मेंदू बसतो. घेतला.

आता इथे माझ्यातला किडा वळवळला. मी रेडिओ कट्ट्यावर ठेवला, वर आलो, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो आणि माझा फोन गुपचूप रेडिओला जोडला. मग मित्राला, निल्याला, खाली कोण काय घालून बसलंय ते सगळं मेसेज केलं. निल्याचा आवाज असला भारदस्त आहे की तो वडापाव मागतो तेव्हा गाडीवाला "हो साहेब" म्हणतो. निल्याने माझ्या फोनवर कॉल केला. खाली रेडिओ वाजला, टुंग! आजीने बटण दाबलं.

"नमस्कार श्रोतेहो!" निल्या सुरू. "आजच्या थेट गप्पांमध्ये आपण आलो आहोत ठाकुर्लीत! आणि आपल्याबरोबर आहेत निळ्या टोपीतले सबनीस!"

सबनीस आजोबांनी टोपी काढली. रेडिओकडे बघितलं. परत घातली.

"गावडे," ते हळूच म्हणाले, "त्याला आपण दिसतोय."

गावडे काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

पुढची वीस मिनिटं तिघं रेडिओशी बोलत होते आणि रेडिओ त्यांच्याशी! सबनीस आजोबांनी त्याला स्वतःचं बायपासचं ऑपरेशन सांगितलं, टाक्यांसकट. मी चादर तोंडात कोंबून हसत होतो. चादर आईने पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकणार होतो हो, शप्पथ! पण खाली बघतो तर काय? गावडे काका इस्त्रीच्या शर्टात. आजी नव्या पातळात. तिघं कार्यक्रमाची वाट बघत बसलेले. रेडिओ साधी गाणी लावत होता आणि यांचं लक्ष त्या बटणावर. मला वाटलं, राहू दे. दोन दिवसांत विसरतील.

कोणी विसरलं नाही. मी सोडून. माझा फोन त्या रेडिओला जोडलेलाच आहे, हे मी विसरलो. बेकाराला फोन तरी कोण करतं!

आणि त्याच आठवड्यात मला ठाण्याच्या एका कस्टमर केअर कंपनीची मेल आली. टेलिफोनिक इंटरव्ह्यू. संध्याकाळी पाच वाजता. खाली ठळक अक्षरात, कॉल एकदाच केला जाईल.

बाबा म्हणाले, "मामाला मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्या हातात आहे."

पाच वाजता मी तयार. वर फॉर्मल शर्ट, टाय. खाली हाफ पँट, कारण फोनवर पाय दिसत नाहीत. फोन वाजला. मी घसा साफ केला, बोट स्क्रीनवर नेलं, आणि कॉल आपोआप उचलला गेला. मी हातही लावला नव्हता! स्क्रीनवर सेकंद पळायला लागले.

"हॅलो मॅडम! गुड इव्हनिंग मॅडम!"

शांतता.

"हॅलो? मॅडम, आवाज येतोय का?"

काही नाही. मला वाटलं नेटवर्क. म्हणून गॅलरीत आलो. आणि खालून, अगदी स्पष्ट, घरघर नसलेला, एका बाईंचा आवाज आला.

"नमस्कार, मी कंपनीच्या एचआरमधून बोलतेय. आपण सुरुवात करूया का?"

"करूया!" कट्टा ओरडला.

खाली आजीने बटण दाबलेलं! तुम्ही म्हणाल, अरे मग फोनवरून ब्लूटूथ बंद करायचं. हो ना! आता चहा पिताना मलाही सुचतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त कमोड होते. कॉल कट झाला तर परत येणार नाही, एवढंच कळत होतं. मी जिन्याकडे धावलो. आणि धावताना सगळं ऐकू येत होतं, कारण आमच्या जिन्याला खिडक्या आहेत आणि रेडिओचा आवाज, मीच निवडलेला, खणखणीत.

"आधी स्वतःबद्दल थोडं सांगा."

"मी सबनीस. न्यायालयीन सेवेतून निवृत्त."

"निवृत्त? पण बायोडेटात वय तेवीस आहे."

"होतं," सबनीस आजोबा शांतपणे म्हणाले. "राहिलं नाही."

माझी चप्पल जिन्यात सुटली. मी थांबलो नाही.

"बरं… तुमचा वीक पॉइंट कोणता?"

"गुडघे," गावडे काका.

"नाइट शिफ्ट चालेल?"

"चालेल की! रात्री तसा पण आपण झोपतो कुठे? सारखं उठावं लागतं."

"पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी खालच्या पायरीवर आलो. मग गावडे काकांचा आवाज.

"भिंतीवर. हार घालून."

तिघं खदाखदा हसले. मॅडम हसल्या नाहीत.

मी पोचलो. टाय खांद्यावर, हाफ पँट, एका पायात चप्पल. हातवारे करून सांगतोय, बंद करा, माझं आहे ते, माझं! सबनीस आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! थेट प्रक्षेपण चालू आहे."

"समजा," मॅडम म्हणाल्या, "एखादा ग्राहक खूप चिडलाय, तर तुम्ही काय कराल?"

"आगं मीच चिडलेय!" म्हात्रे आजी उसळली. "कवाची नुसती इचारतंय! मेले, गाना कुठाय? गाना लाव!"

"मॅडम, मी आपली अडचण समजू शकते…"

"समजतेस ना? मंग लाव!"

"आपण कृपया शांत…"

"शांत? मी शांत होऊ? आमच्या कट्ट्यावर येऊन मना शांत हो सांगतंस? कोन तू? कुनाची? आयबापानी काय शिकवलाय का नाय? नाव सांग तुझा! नाव सांग!"

मग मॅडम दुसऱ्याच कोणाला तरी म्हणाल्या, "सर… इकडे या. हे ऐका."

मी झेप घेतली. रेडिओ छातीशी धरला. "मॅडम! मी ओंकार! कँडिडेट मी आहे! हे लोक नाही!"

"हे कोण आता?" मॅडम.

"याच्याकडे लक्ष देऊ नका," सबनीस आजोबा नम्रपणे रेडिओला म्हणाले. "वर राहतो. याला नोकरी नाही."

मी रेडिओचं ते एकच बटण दाबून धरलं. बंद. आणि माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला.

"ओंकार?"

"येस मॅडम."

"ही सगळी माणसं कोण होती?"

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. खोटंही सांगता आलं असतं. माझ्या तोंडातून निघालं,

"श्रोते, मॅडम."

"कळवतो आम्ही." फोन कट.

"बंद कशाला केलास रं?" आजी माझ्यावर खेकसली. "आता लावनार होती ती गाना!"

रात्री बाबांनी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, पाठव, इंडियन आणि वेस्टर्नमधला फरक पहिल्याच दिवशी शिकवतो. मी बॅग भरली नाही, कारण शीळफाट्याला बॅग लागत नाही, रोज जाऊन येता येतं. तेवढाच काय तो दिलासा.

आणि दुसऱ्या दिवशी फोन! त्याच मॅडम!

"ओंकार, तुम्हाला घेतोय आम्ही."

मी कॉटवर बसलो. मग उठून उभा राहिलो. मग परत बसलो.

"पण एक अट आहे. काल त्या ज्या ओरडत होत्या, त्या कोण?"

"म्हात्रे आजी."

"त्या येतील का? अहो, नवीन मुलांच्या ट्रेनिंगला आम्हाला चिडलेला ग्राहक लागतो. आमचे ट्रेनर चिडायचं नाटक करतात आणि मध्येच हसतात. काल त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी खरं नाव सांगणार होते. घाबरून. आठवड्यातून दोन दिवस. मानधन देऊ. त्यांना आणा, तुमची नोकरी पक्की."

म्हणजे माझी नोकरी म्हात्रे आजीच्या हातात! आणि तिला विचारायचं तर सगळंच सांगायला लागणार. ब्लूटूथ, माइक, चादर, सगळं.

कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो. सांगितलं. तिघंही ऐकत होते.

"म्हणजे तो निवेदक…" सबनीस आजोबांचा चेहरा पांढरा पडलेला.

"निल्या. माझा मित्र."

"मी त्याला माझे टाके सांगितले, ओंकार."

"हो आजोबा."

"सगळे."

गावडे काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. आजी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता चप्पल येणार. पण आजी अगदी मऊ आवाजात म्हणाली,

"किती दिस ओरडायचा?"

"आठवड्यातून दोन."

"कुनावर?"

"नवीन पोरांवर. कंपनीत जी लागतील त्यांच्यावर."

"तू असशील त्यांच्यात?"

"असेन ना आजी."

"येते."

मी मूर्ख, आनंदाने तिच्या पाया पडलो!

ट्रेनिंगचा पहिला दिवस, ठाणे. आम्ही सगळे नवीन, कानाला हेडफोन, समोर कागदावर काय बोलायचं ते छापलेलं. आजी काचेच्या केबिनमध्ये, पुढ्यात चहा-बिस्कीट. मॅडमनी विचारलं, पहिला कॉल कोणाला देऊ? आजीने काचेतून बोट दाखवलं. पूर्ण हॉलमध्ये, न चुकता, माझ्यावर.

"नमस्कार, मी ओंकार. आपली काय मदत करू शकतो?"

"मी रेडू घेतलाय," कानात आवाज घुसला. "लाल. सस्तातला. येका बिनडोक पोरानं आनलाय."

हॉलमध्ये स्पीकर चालू होता. सगळे ऐकत होते.

"झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, मॅडम," मी कागदावरचं वाचलं. "काय अडचण आहे?"

"बटन दाबला का भलतीच मानसं बोलतान! त्या पोराला अक्कल हाय का नाय, तू सांग!"

मी कागद उलटा-सुलटा केला. याचं उत्तर छापलेलं नव्हतं. मॅडम वही घेऊन माझ्या मागे उभ्या. ग्राहकाशी वाद घालायचा नाही, हा पहिला नियम.

"आपलं म्हणणं बरोबर आहे, मॅडम. त्याला अक्कल नाही."

"मोठ्यानं बोल. मना आयकू नाय येत."

"त्याला अक्कल नाही, मॅडम!"

"सबनिसाला आयकू गेला पायजे!"

मी ओरडलो. ठाकुर्लीपर्यंत गेलं असेल. मग कपाळावरचा घाम पुसला आणि कागदावरची शेवटची ओळ वाचली.

"आपली तक्रार सुटली का, मॅडम?"

"नाय."

"मी आपली आणखी काही मदत करू शकतो का?"

काचेपलीकडे आजीने बिस्कीट चहात बुडवलं, सावकाश खाल्लं.

"व्हय," ती म्हणाली. "घरी येताना सेल आन. मोठं."