विहिरी-विहिरीनं: नांदेड ते मुरुड, एक मामा आणि एक तेलाचा कॅन

गोदावरीच्या काठावर बावीस वर्षं काढूनही मला पोहता येत नव्हतं. नांदेडात हे काही नवल नाही. आम्ही नदीला पुलावरून नमस्कार करतो आणि पुढे जातो. माझंही तसंच चाललं असतं, पण प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.त कोकणातल्या किनाऱ्यावरच्या महिनाभराच्या अभ्यास-शिबिरासाठी माझी निवड झाली. अट एकच होती: तलावाची एक लांबी कशाच्याही आधाराशिवाय पोहून दाखवायची. नाही जमलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "दीड महिन्यात शिकशील ना रेणुका?" मी मान हलवली. बोलण्यापेक्षा मान हलवणं मला नेहमीच सोपं जातं.

शहरातल्या जलतरण तलावावर गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "काय पाहिजे?" मागे चार जण उभे होते. मी म्हणाले, "काही नाही," आणि स्कूटी फिरवून घरी आले. त्या दिवशी मला स्वतःचा जो राग आला, तो मी इथे लिहितेय कारण पुढचा सगळा प्रवास त्याच रागावर झाला. डिझेल मामाचं होतं, एवढंच.

बालाजीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बिलोलीत वेल्डिंगचं दुकान आहे. तरुणपणी तो विहिरीतल्या मोटारी काढण्या-बसवण्याच्या टोळीत होता, त्यामुळे नांदेड-लातूरच्या निम्म्या विहिरी त्याला आतून माहीत. विचार करायचा तो काम झाल्यावर, अशी त्याची रीत. आईनं फोनवर माझं रडगाणं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात.

"तलाव कामून पाहिजे? पोहायला विहीर लागती. बघायला कोणी न्हाई, तिकीट न्हाई. चल, बस."

आईनं भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन दिला. पाठीला बांधून तरंगायला. त्याचं झाकण मामानं मेणानं बंद केलं. "कॅन परत आण," आई म्हणाली. माझ्याबद्दल तिनं तसं काही म्हटलं नाही, पण जीप वळेपर्यंत दारात उभी होती.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. तुम्हाला असं काही करायचं असेल तर हाच काळ निवडा. विहिरींना पाणी असतं, ऊन सोसवतं आणि शेतकरी शेतावर भेटतो. लातूर फाटा सोडला की लोह्यापर्यंत रस्ता झकास आहे. झकास रस्ता मामाच्या हाती लागणं मात्र धोक्याचं. जीपला डावीकडचा आरसा नव्हता, ते काम माझ्याकडे होतं. डावीकडे कोणी आलं की मी सांगायचं. मी सांगत होते, पण माझा आवाज इंजिनाच्या पलीकडे जात नव्हता. उसाचे डबल ट्रॉली ट्रॅक्टर आम्ही अशा काही बाजूंनी ओलांडले, की त्या बाजू तिथे आहेत हे ट्रॅक्टरवाल्यांनाही माहीत नसावं.

"तू काही बोलायलीस का?" मामा विचारायचा.

"मोटारसायकल होती."

"गेली का?"

"गेली."

"मग झालं की."

लोह्यात दहा रुपयांचा चहा घेतला आणि कंधारच्या रस्त्याला लागलो. पहिली विहीर या दोन गावांच्या मधे, दगडी बांधणीची, पाण्यापर्यंत पायऱ्या उतरलेल्या. मालक म्हातारा होता, मामाला ओळखत होता. त्यानं आधी जाऊन मोटारीचा स्टार्टर बंद केला. हे लक्षात ठेवा: विचारल्याशिवाय आणि मोटार बंद केल्याशिवाय विहिरीत पाय घालायचा नाही. म्हातारा स्टार्टरकडून परत येईतो मामा कपड्यांसकट आत होता. "खोली किती आहे ते तरी इचार," म्हातारा वरून म्हणाला. "आता कळलीच की," मामा खालून म्हणाला.

मी ट्रॅक पँट आणि टी-शर्टात शेवटच्या पायरीवर उभी. पाठीला कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक मामाच्या मनगटाला. पाणी हिरवट काळं होतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मामानं ओढलंच. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, मग कॅननं मला बुचासारखं वर आणलं. "पाण्याशी भांडू नको. ते काही म्हणतंय का तुला?" मामा म्हणाला. दुपारपर्यंत मी हात मारत होते आणि जागच्या जागी फिरत होते, पण बाहेर येईन असं म्हणाले नाही. रागाचा उपयोग होत होता.

कंधारजवळच्या दुसऱ्या विहिरीवर सात-आठ पोरं गोळा झाली. काठावरून मुटके, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उड्या, मारून दाखवायला लागली. एकानं विचारलं, "ताई, तुमच्या पाठीवर कॅन कामून हाय?" मी पायऱ्या चढून सरळ जीपमध्ये जाऊन बसले. मामानं पुष्कळ समजावलं. मी मान हलवली, पण नकारार्थी. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "पाण्याला भीत न्हाईस तू. माणसाला भीतीस. त्याला विहीर कुठून आणू?"

अहमदपूर, चाकूर करत संध्याकाळी लातूर. मुक्काम मामाच्या मित्राकडे होता. त्याचं भुसार मालाचं दुकान आहे आणि कपाळावर कायम विभूती. त्याच्या बायकोनं, महादेवीकाकूंनी, मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त ओले कपडे वाळत घातले आणि सकाळी ताटभर सुशीला पुढे ठेवला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा नाश्ता, वर डाळ्याचं कूट. लातूरला जाऊन तो खाल्ला नाही तर जाणं वाया. एका दुपारी बसस्टँडजवळ निलंगा राईस खाल्ला, तिखट, पण दोघांचं पोट दीडशे रुपयांत भरतं. पुढचे दोन दिवस लातूरच्या आसपासच्या विहिरींत गेले. पाय मारणं जमलं, श्वास जमला. कॅन मात्र सुटेना. मामा गाठ सोडायला हात पुढे करायचा आणि मी त्याचं मनगट धरायचे.

चौथ्या दिवशी मुरुडला निघालो, कोकणातल्या नव्हे, लातूरजवळच्या. तिथे एक जुनी मोठी विहीर आहे, शिकवणीचा शेवट तिथेच, असं मामानं पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. बार्शी रस्ता सोडून एका आडवाटेला लागलो आणि त्याला वाटेतच नव्यासारखी दिसणारी एक विहीर दिसली. सिमेंटची गोल, गुळगुळीत, निळं पाणी. मालकाला विचारू या, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. पण इंजिन चालू होतं.

मामा काठावर चढला आणि गेला आत. वर आला, डोकं झटकलं, एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीत तो भिंतीवरून हात फिरवत होता. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. उतरायला लोखंडी कड्या होत्या, त्यांतल्या पाण्याजवळच्या सगळ्या गंजून तुटलेल्या, आणि शाबूत होती ती पहिली कडी मामाच्या हातापासून दोन माणसांच्या उंचीवर. मोटार काढून नेलेली, पाईप नाही.

"रेणू, दोर टाक."

दोर टाकला. तो माझ्या शिकवणीचा दोर, त्याच्यापर्यंत पोचलासुद्धा. पण बांधायला जवळ झाड नव्हतं, जीप मला चालवता येत नव्हती आणि ऐंशी किलोचा मामा मी ओढू शकत नव्हते. तो थोडा वेळ भिंतीला बोटं रुतवून बघत राहिला. मग उताणा तरंगायला लागला. ओठ निळसर दिसायला लागले होते. फेब्रुवारीतली खोल विहीर होती, आणि हा घाम असताना उतरलेला.

"मी कोणाला तरी बोलावते."

"नको," तो म्हणाला. "थांब. कोणाला बोलवू नको. निम्म्या जिल्ह्याच्या विहिरीत उतरलोय मी. लोक काय म्हणतील."

मी बघतच राहिले. हा माणूस उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना उजवं-डावं बघत नाही, आणि त्याला लाज वाटत होती. माझी लाज मी रोज बघते, मला ती लगेच ओळखू आली. मला एकदम त्याच्याबद्दल भयंकर माया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी कॅन त्याच्या अंगावर फेकला. "पोटाशी धरा," म्हणाले आणि पळाले.

दोन शेतं सोडून हरभऱ्याची मळणी चालली होती. मशीनचा आवाज असा, की छातीत धडधडत होतं. भुसा उडत होता, सात-आठ माणसं तोंडाला फडकी बांधून कामात. मी बांधावर उभी राहून म्हणाले, "ऐका ना." कोणी ऐकलं नाही. "माझा मामा." कोणी बघितलंही नाही. एका बाईच्या खांद्याला हात लावावा म्हणून पुढे झाले, तर ती पाटी घेऊन पलीकडे निघून गेली. मी पुन्हा तशीच उभी राहिले. त्या खिडकीसमोर उभी राहिले होते, तशीच. मागे विहिरीत तो गार पडत होता.

मग मी ओरडले. "मशीन बंद करा!"

माझ्या घशात असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मशीन बंद झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"माझा मामा विहिरीत आहे. कड्या तुटल्यात. वर येता येत नाही."

मघाची पाटीवाली बाई पुढे आली. "पडला का?"

"नाही. उडी मारली."

"कामून?"

याचं उत्तर आमच्या घरात आजवर कोणाला देता आलेलं नाही. पण उत्तराची वाट बघायला ती थांबलीच नव्हती. "बाज घ्या रे," तिनं सांगितलं. शेतावरच्या झोपडीतली बाज दोघांनी उचलली, चारही पायांना कासरे बांधले आणि सगळे विहिरीकडे पळत सुटले. मीही ओरडत पुढे. बाज खाली सोडली, मामा कसाबसा तिच्यावर चढला आणि सहा माणसांनी त्याला वर घेतलं. मांडी घालून, कुडकुडत, पोटाशी आईचा कॅन घट्ट धरून तो वर आला. कोणी हसलं नाही. बाईनं आपलं पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं. विहीर तिचीच होती.

"पोरगी ओरडली म्हणून," ती त्याला म्हणाली. "न्हाईतर मशीन सांजच्यालाच बंद झालं असतं. उतरायच्या आधी चढायचं बघावं माणसानं."

मामा मान डोलावून "हाव" म्हणाला. त्यांनी कोरा चहा पाजला. निघताना मामानं कड्यांचं माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात येऊन नवीन बसवतो म्हणाला. (बसवल्या. मीच सोबत गेले होते.)

त्यानंतर जीप चाळीसच्या पुढे गेली नाही. मामा प्रत्येक वळणावर हॉर्न देत होता. मुरुडचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "बास झालं. घरी जाऊ. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी. शिबिर काय, पुढच्या वर्षी बी असतं."

पुढच्या वर्षी माझी एम.एस्सी. संपलेली असणार होती. "थांबवा," मी म्हणाले.

इंजिन चालू होतं, तरी त्याला ऐकू गेलं.

मुरुडची विहीर मामानं सांगितली तशीच होती. चौकोनी, दगडी, एका बाजूनं रुंद पायऱ्या आणि समोरच्या भिंतीत देवळी. मालकाला मी स्वतः विचारलं. त्यानं स्टार्टर बंद केला. मामा या वेळी पायरी पायरीनं खाली उतरला, प्रत्येक पायरी पायानं दाबून बघत. मी कॅन बांधलाच नाही, वरच्या पायरीवर ठेवला. मामानं दोर पुढे केला, तोही ठेवून दिला. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती मला बघवत नव्हती, म्हणून मी पाण्याकडे बघितलं आणि गेले. मधे एकदा पाय खाली गेले आणि खाली काहीच लागलं नाही. भांडायचं नाही, एवढंच आठवलं. देवळीच्या दगडाला हात लागला. परत फिरले. पायरीला हात लागला तेव्हा मामा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं लपवलंही नाही.

घरी आल्यावर आईनं कॅन धुऊन फळीवर ठेवला. विहिरीचं काय झालं ते तिला मामानंच सांगितलं. मी सांगेन याची वाट न बघता. चार दिवसांत डिझेल, खाणं धरून तीनेक हजार गेले. घसा आठवडाभर बसलेला होता.

पोहण्याच्या परीक्षेआधी सराव हवा म्हणून मी पुन्हा तलावावर गेले. तोच माणूस खिडकीत. "काय पाहिजे?"

"पोहायचंय. महिलांच्या बॅचचं एक तिकीट द्या," मी म्हणाले. मागे बरेच जण उभे होते.

परीक्षेच्या दिवशी मामा बिलोलीहून आला. त्याला आत सोडलं नाही, तो जाळीला धरून बाहेर उभा राहिला. निळं पाणी, चहूकडे माणसं, बाकावर शिट्टी घेऊन बसलेल्या बाई. मी काठावर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मामाचा आवाज आला.

"रेणू, पायऱ्या हायत का बघ आधी!"

तलावातल्या सगळ्या मुली वळून त्याच्याकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे.

"बघितल्या, मामा!" मी तेवढ्याच जोरात ओरडले, आणि उडी मारली.