चौकशीच्या खिडकीचं सॉफ्टवेअर

अमृतराव वसमतच्या बस स्थानकात चौकशीच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसले आणि २००८च्या मे महिन्यात निवृत्त झाले. खिडकी सुटली, चौकशी मात्र सुटली नाही. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार पडला की माणूस काहीही करून बसतो; यांनी आपला मोबाइल नंबर निम्म्या तालुक्याला वाटून टाकला. मग काय, दात घासायच्या आधीपासून फोन सुरू. औंढ्याची गाडी गेली का, नांदेडला जागा मिळंल का. तोंडात घास असला तरी अमृतराव उत्तर देत, आणि त्या घासाला जास्तच चव येई.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र वैतागल्या. "रिटायर झाले कोण, तुमी का मी?" असं त्या रोज एकदा तरी विचारत.

मुलगी दीक्षा गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आईचं गाऱ्हाणं ऐकून तिनं ठरवलं, बाबांच्या डोक्यातलं टाईमटेबल मोबाइलमध्येच घालायचं. ॲप हा शब्द तेव्हा वसमतला पोचला नव्हता. दीक्षा 'सॉफ्टवेअर' म्हणायची, लक्ष्मीबाई 'ते तुजं काम'. असलं काही तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. दुपारी क्लास रिकामा असला की ती बसायची. पडद्यावर दोनच बटणं: 'गाव निवडा' आणि 'पुढची गाडी'. तिच्या फोनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून प्रत्येक गावाच्या नावाचं बारकं चित्र काढून ते चिकटवलं. आधी अर्धं बटण पडद्याबाहेर गेलं. मग नांदेड दाबलं की औंढा उघडायला लागलं. ज्या दिवशी सगळं जागेवर आलं, त्या दिवशी दीक्षा चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरली.

अमृतरावांनी अंगठ्यानं सिद्धेश्वर निवडलं. उत्तर आलं, पाच वाजता.

"बराबर हाय," ते म्हणाले. पोरीच्या अभिमानानं ऊर भरून आला आणि त्याच क्षणी दुसरा विचार मनात आला. हे असं सगळ्यांच्या खिशात गेलं तर आपल्याला कोण विचारणार? पण बापानं हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी तिला पेढे आणायला पाठवलं.

क्लासच्या पोरांनी ते सॉफ्टवेअर ब्लूटूथनं एकमेकांना दिलं, त्यांनी काकामामांना. महिन्याभरात फोन मुका झाला. एका आठवड्यात मोजून दोन फोन आले. एक राँग नंबर होता. दुसरा कॉलर ट्यून घ्या म्हणणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा. तो अमृतरावांनी शेवटपर्यंत ऐकला. लक्ष्मीबाईंनी ते पाहिलं.

मग एका बाजाराच्या दिवशी, दिवे लागायच्या सुमाराला, अनुसयाबाई दारात उभ्या. सिद्धेश्वरच्या धरणावरची मासळी घेऊन वसमतच्या बाजारात बसणाऱ्या, अमृतरावांच्या जुन्या ओळखीच्या. टोपली रिकामी, चेहरा तापलेला.

"भाऊ, बाजारच्या दिशी पाचची गाडी पाचला कवा सुटली?"

बाजाराच्या दिवशी मासळीवाल्यांच्या सगळ्या टोपल्या टपावर चढल्याशिवाय कंडक्टर घंटी मारत नाही, हे अख्ख्या स्थानकाला ठाऊक होतं. लिहिलेलं मात्र कुठंच नव्हतं.

"भाच्यानं मोबाइलमधी पाहून पाच सांगितले, मला वाटलं आता नेम बदलला असंल. उरलेली मरळ मातीमोल देऊन पळत आले, आन् पाऊण घंटा रिकाम्या गाडीत एकलीच बसून राहिले. म्हनलं, गाडीला वेळ हाये तर सांगूनच येते."

एवढं बोलून, पाणी पिऊन त्या गाडीकडे परत गेल्या. आतून सगळं ऐकणाऱ्या दीक्षाचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमी मला सांगितलं काहून न्हाई?"

"तू टाईमटेबल विचारलं, मी टाईमटेबल सांगितलं. हे काय कोनी इचारायची गोष्ट हाय?"

"अजून काय काय हाय असं?"

अमृतराव बोलायला लागले. लग्नसराईत कुठली गाडी वाटेत कुठल्या मांडवापाशी थांबते, कारखाना सुरू झाला की उसाच्या गाड्यांमुळे किती वेळ धरायचा, शाळेला सुट्टी लागली की कुठली फेरी लवकर भरते. दीक्षानं दोन पानं लिहिली आणि पेन ठेवलं.

"हे यात मावत न्हाई, बाबा."

"न्हाई ना मावत? मंग यांचा नंबरच टाक त्यात," लक्ष्मीबाई आतून म्हणाल्या. "घर लई गप झालंय."

दुसऱ्या दिवशी दीक्षानं तिसरं बटण बसवलं: 'अमृतरावांना विचारा'. दाबलं की सरळ फोन लागायचा. पहिली तपासणी करायला ती बाहेर ओट्यावर गेली. आत फोन वाजला. समोर पोरगीच आहे हे माहीत असूनही अमृतरावांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"बोला."

"सिद्धेश्वरची पाचची गाडी गेली का हो?"

अमृतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दाराबाहेर लेकीकडे.

"आज बाजार न्हाई, बाई. पाचलाच सुटंल," ते म्हणाले. "पन तुमी निघाल्या असाल तर या. मी सांगतो थांबायला."