इंदुरीची नवी कणी

सृष्टीने भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा इंदुरीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पोरगी हुशार आहे, शिकू दे, एवढंच. पण तिशी उलटली तरी ती शिकतेच आहे म्हटल्यावर लोक तिच्या वडिलांना, महिपतींना, पारावर गाठून विचारू लागले, "कधी संपायचा म्हनं त्यो अभ्यास?" महिपती भाताचा विषय काढून वेळ मारून न्यायचे.

सकाळी ती लोणावळ्याच्या एका कॉलेजात शिकवायची आणि दुपारभर तिथल्याच प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात परदेशातल्या एका प्रयोगाची आकडेमोड करत बसायची. तिकडे प्रोटॉन आदळतात, त्यातून मेसॉन नावाचा कण निघतो आणि जन्मला न जन्मला तोच प्रकाशाचे दोन कण सोडून संपतो. आपल्या हाती लागतो तो हा प्रकाश, आणि तोही एकेका टकरीतून ढीगभर. त्यातले कोणते दोन एका मेसॉनचे, हे कोण सांगणार? म्हणून सगळ्या जोड्या लावून बघायच्या. खोट्या जोड्या आलेखभर पसरतात, खऱ्या एका जागी जमतात आणि तिथे उंचवटा येतो. सृष्टीच्या टकरींत तिचा मेसॉन आजवर कुणाला दिसला नव्हता. त्या एका उंचवट्यावर तिची पीएचडी टांगलेली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर तो आला. तिने जोड्यांची निवड जरा कडक केली, बराच कचरा गेला, आणि नेमका हवा तिथे उंचवटा उभा राहिला. मार्गदर्शक सर म्हणाले, "छान. आता लिहायला घे." तिने आनंदाच्या भरात घरी सांगितलं, नवा कण सापडला. चुलत्यांनी, निवृत्तीकाकांनी, लगोलग चौकात फ्लेक्स लावला आणि छापणाऱ्याने कणाची कणी केली: 'नव्या कणीचा शोध लावणाऱ्या इंदुरीच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन'. भात पिकवणाऱ्या गावात कणी म्हणजे तांदळाचा तुकडा. पोरीने तांदळाचं नवं वाण काढलं असं धरून लोक खूश झाले आणि देवळापुढे सत्कार ठरला. सृष्टी पोट धरून हसली. उंचवटा होता तोवर हसणं परवडत होतं.

सत्काराच्या आदल्या दुपारी तिने प्रबंधातली राहिलेली एक चाचणी करायला घेतली. चाचणी साधी. एक प्रकाशकण या टकरीतला घ्यायचा, दुसरा भलत्याच टकरीतला, आणि त्यांची जोडी लावायची. सोमाटण्याच्या मांडवातला नवरा आणि वराळ्याच्या मांडवातली नवरी. एकमेकांशी संबंधच नाही. अशा जोड्यांत उंचवटा येता कामा नये.

तो आला. त्याच जागी, तसाच.

तिने पुन्हा करून पाहिलं. मग निवड सैल केली, तेव्हा खऱ्या टकरींतला आणि या बनावट जोड्यांतला, दोन्ही उंचवटे विरून गेले. तिच्या कडक निवडीनेच आजूबाजूच्या जोड्या हाकलल्या होत्या आणि मागे उरलेल्या गर्दीला ती मेसॉन म्हणत होती. निवड बदलली की ही चाचणी आधी करायची, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिला भीती वाटायची, म्हणून उद्या करू, परवा करू असं चाललं होतं. पळपुटेपणा, याला दुसरं नाव नाही.

तिने सरांना फोन केला. ते म्हणाले, "निष्कर्ष मागे घ्यावा लागेल."

"आणि प्रबंध?"

"सृष्टी, प्रबंधात दुसरं आहे काय?"

विद्यापीठाची वाढीव मुदतही संपत आली होती. ती स्टुलावर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. घरी गेली तर तिचे आबा, महिपती, सत्कारासाठी शिवलेला नवा सदरा घालून आरशासमोर उभे होते. तिच्याने तोंड उघडवेना.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे तिच्या खांद्यावर शाल पडली आणि हातात माइक आला. "मला काही सापडलेलं नाही," ती म्हणाली. "दिसलं ते माझ्याच चुकीमुळे दिसलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निवृत्तीकाकांनी माइक घेतला. "बघा, एवढी शिकली, पन पोरीला गर्व म्हनून न्हाई."

"काका, खरंच नाही सापडलं." ती माइकशिवायच ओरडली. टाळ्या वाढल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आन् बियानं कवा मिळंल?" तिला तिथून पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे, सगळं गाव समोर बसलेलं.

टाळी न वाजवणारे एकटे महिपती होते. ते उठून तिच्याजवळ आले.

"खरंच न्हाई घावलं?"

"न्हाई, आबा. समदी वर्सं गेली."

त्यांनी मान खाली घातली. नव्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग तिच्या खांद्यावरची शाल काढून तिची नीट घडी घातली आणि निवृत्तीकाकांच्या हातात दिली.

"ही आपली न्हाई," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.