आधी व्हर्जन बघा

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, फोन उचलला की मिळतात. मालवणात मी आणि माझा भागीदार नंदू लोकांच्या कॉम्प्युटरवरचे प्रोग्राम सांभाळतो. प्रोग्रामला साठवलेल्या माहितीपर्यंत नेणारं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचं व्हर्जन जुळलं नाही की सगळं ठप्प. म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "ड्रायव्हरचं व्हर्जन कितीचं आहे?"

*

देवबागला होमस्टे चालवणाऱ्या काकूंना हेच विचारलं. पाहुण्याला नाही म्हणायची त्यांना सवयच नाही, मागेल ते आणून देतात. म्हणाल्या, "तुमका खंयचा व्हया ता सांगा. नसात तर सांजेपर्यंत हाडून ठेवतंय."

*

वैभववाडीजवळच्या काजू कारखान्यात नवं व्हर्जन टाकलं, तरी प्रोग्राम जुनंच धरून बसला. मी मालकांना म्हटलं, "जुनं काढायला सांगितलं होतं ना?" मालक गावच्या देवळातले मानकरी. गंभीरपणे म्हणाले, "तो आधीपासून बसलेलो आसा. नवो इलो म्हणान तेचो मान काढूचो?" मग काय, दोन्ही ठेवली आणि प्रोग्रामलाच समजावलं.

*

आचऱ्याच्या दवाखान्यात मात्र आमची पाचावर धारण बसली. सकाळी कुणीतरी अपडेटचं बटण दाबलं आणि पेशंटची माहिती उघडेना. आम्ही पोचलो, तर बाकावर तापाने फणफणलेली एक आजी. पूर्वी एका औषधाने तिच्या जिवावर बेतलं होतं, पण ते कुठलं हे तिला आठवेना. डॉक्टरबाई इंजेक्शन द्यायच्या थांबल्या होत्या.

नंदूने व्हर्जन बघितलं. तेरा-दोन! आमच्या प्रोग्रामला लागतं बारा-चार. त्याने ते परत बसवलं आणि आजीची माहिती उघडली. वरच लाल अक्षरांत औषधाचं नाव होतं. बाईंनी दुसरं औषध दिलं.

कंपाउंडर तात्यांनी नारळ आणून कॉम्प्युटरसमोर गाऱ्हाणं, म्हणजे आमच्याकडचं देवाला मागणं, घातलं, "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्या मशिनीत बारा-चारचो ड्रायव्हर बसवलेलो आसा, तेका सांभाळून घे रे म्हाराजा."

आजीसकट सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पुढे आमचा प्रोग्राम सुधारला, तेव्हा नवं व्हर्जन टाकायला मी पुन्हा तिथे गेलो. माऊसवर हात ठेवतोय तोच डॉक्टरबाईंनी अडवलं.

"वाईच थांब. तात्या देवळात गेलेसत, देवाक नवो नंबर सांगूक."