गाऱ्हाण्याची पाच मिनिटं

माझ्या आवडत्या बँडचं चरित्र मला घोषणेसारखं पाठ आहे. इंग्लंडमधल्या गिरण्या बंद पडलेल्या गावातली चार पोरं. पहिल्या रेकॉर्डची कव्हरं घरी बसून चिकटवली. दुसरी आपटली, कंपनीनं हाकललं, ड्रमर दोन वर्षं बांधकामावर विटा वाहत होता. तिसरीनं तारलं. पुण्यात कॉलेजच्या गेटवर फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटताना माझ्या कानात हेच वाजायचं.

आता मी नोकरी करते त्या दुबईत तेच आले, आणि त्यांचं स्टेज आमची कंपनी उभारणार होती. इथल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या ऑफिसात बसून मी कामगारांच्या शिफ्टा लावते. कामगार बहुतेक कोकणातले. स्टेज उभं राहिलं की पहिला सूर लागायच्या आत बस त्यांना राहायच्या कॅम्पवर नेते. म्हणजे खांब तुम्ही चढवा, गाणं दुसऱ्यांनी ऐकावं! डोकं फिरलं. एकपानी निवेदन झोडलं: ‘आम्हाला शोआधीची तालीम, साउंडचेक तरी ऐकू द्या.’ सह्या घ्यायला साइटवर गेले.

त्यांच्या टोळीच्या मुकादमकाकांनी मालवणीत उडवून लावलं. "गाणा कोणाक व्हया गो बाय? चढण्याआधी गाऱ्हाणा घालूक पाच मिनटा दी म्हणान सांग. आमका इचारलंस तरी?"

नव्हतं विचारलं. ‘आम्हाला’ लिहिलं होतं, बेधडक.

मग कळलं. दरवेळी पहिला खांब उभा करण्याआधी ते देवाला गाऱ्हाणं घालून, म्हणजे सगळ्यांनी मिळून साकडं घालून, नारळ फोडायचे. मागच्या स्टेजला सेफ्टीवाल्यानं ते बंद केलं, आणि त्याच दिवशी एकजण वरून घसरला. कमरेच्या सेफ्टी पट्ट्यामुळे वाचला. तेव्हापासून वर चढताना सगळ्यांचे हात कापतात. कापत्या हातानं चढणं ही कुठली सेफ्टी?

कागद फाडला. गाऱ्हाण्यासाठी पाच मिनिटं मागितली तर आमचा मॅनेजर म्हणाला, "हबीबी, पूजा शेड्यूल में नहीं है. खलास."

खलास कसलं? मी थेट बँडच्या प्रॉडक्शन मॅनेजर बाईंना गाठलं. शोआधी ते चौघे आपल्या पहिल्या खटारा व्हॅनची किल्ली ड्रमवर तीनदा वाजवतात, हे प्रत्येक चाहत्याला माहीत आहे. गाऱ्हाण्याचं सगळं सांगून म्हटलं, "आज ती किल्ली काढून घ्या आणि त्यांना स्टेजवर चढवून दाखवा. माझी माणसं तर साठ फूट चढणार आहेत."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. नारळ साइटच्या कठड्याबाहेर."

हेल्मेटं काखेत धरून सगळे वाळूत उभे राहिले. काकांनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, आज जी पोरां वर चढतली, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि विलायतेसून इल्ल्या वाजप्यांच्या गळ्याक काय होवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

नारळ फुटला. पहिला गडी चढला. मी खालून त्याचे हात बघत राहिले. कापत नव्हते.

संध्याकाळी बस ठरल्या वेळी, गाण्याआधीच निघाली. पायरीवरून काकांनी मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी विचारलं, "काका, पुढच्या कागदावर काय लिहू?"

"बसचो एसी बंद आसा," ते म्हणाले. "लिही."

तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला घेतलं.