बोगद्यातला धूर

मंडळी, आज घरी जे झालं ते लिहितेय.

आमच्या मुलुंडच्या घरी बाबा दरवर्षी गणपतीसमोर कोकण रेल्वे उभी करतात. टेबलावर कागदाचे डोंगर, कापसाचे ढग आणि बोगद्यातून धावणारी खेळण्यातली गाडी. वायरिंग सगळं टेबलाखाली, पडद्याआड.

आज संध्याकाळी आरती सुरू झाली आणि गाडी नेमकी बोगद्यात अडकली. "तू चालू ठेव गं, आरती मध्येच थांबवत नाहीत," म्हणत बाबा टेबलाखाली शिरले.

थोड्या वेळाने बोगद्यातून धूर यायला लागला. शेजारच्या काकू मोबाईलवर व्हिडिओ काढत ओरडल्या, "अगं, धुराचा इफेक्ट! झकास ना!" सगळे आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. मीसुद्धा हसले यार.

मग जळक्या प्लास्टिकचा वास आला. हातातले टाळ टाकून मी आधी स्विच बंद केला आणि पडदा ओढला. बाबा खोकत खोकत बाहेर आले. बोटं भाजली होती, आणि विचारतायत काय, "मूर्तीला काही झालं नाही ना?"

आता मलम लावून पडलेत. बरे आहेत.

पण काकूंनी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. सगळे वा वा करतायत. मी हेडफोन लावून पाहिला. टाळ्यांच्या मागे, अगदी बारीक, बाबांचा आवाज येतोय, "बंद कर गं... बंद कर."

आम्ही सगळे त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होतो. तुम्हाला ऐकू आलं असतं का?