पंपाचा आवाज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते भोकरदनच्या कचरूमामांचे. ते माझ्या आईचे थोरले भाऊ, मोटारींचे मिस्त्री. बारावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. मामांनी आमच्या टेंभुर्णीला येऊन माझी पेटी उचलली आणि मला थेट कॉलेजात नेऊन उभं केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आता मंठ्याला शिक्षक आहे. नोकरी लागल्यापासून मामा मला ‘मास्तर’ म्हणूनच हाक मारत.

गाडी आली की मामा आधी पाना उचलत नसत. इंजिन चालू ठेवायला लावून लांब पेचकसाचं टोक आतल्या भागावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मालक तक्रार सांगू लागला, की म्हणायचे, “तू गप राह्य. आधी तिला बोलू दे.” जालन्यात कुणाला न सापडलेला बिघाड त्यांना असा सापडायचा.

मागच्या वर्षी मी एक जुनी कार घेतली. हळू चालवताना स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं आणि वळवलं की पुढून रडल्यासारखा आवाज यायचा. मी ती मामांकडे नेली. त्यांनी पॉवर स्टिअरिंगचं तेल पाहिलं, ते भरलेलं होतं. स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि ताणून बसवला. मग पेचकस पंपाला आणि कानाला लावून मला स्टिअरिंग वळवायला सांगितलं. मला गाडीत बसून ते रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. मामा बराच वेळ ऐकत राहिले.

“पंप बिलकुल चांगला हाये. पट्टा ढिल्ला व्हता. हलकं झालं ना, मास्तर?”

स्टिअरिंग अजून जडच होतं, माझे दंड दुखत होते. मी म्हणालो, “बराबर झालं, मामा.” दारात उभ्या मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कित्येक महिने त्या मामांना हाक न मारता खांद्याला हात लावूनच बोलवत होत्या, हे मला नंतर कळलं. आठ दिवसांनी मी जालन्यात गुपचूप पंप बदलून घेतला.

चौदा एप्रिलला मी गाडी घेऊन भोकरदनला गेलो. मामा शेजाऱ्याला आपलं काम दाखवायला स्टिअरिंगवर बसले. ते एका बोटानं फिरलं. खूश होऊन त्यांनी बॉनेट उघडलं. आत नवा कोरा पंप होता. त्यांनी बॉनेट हळूच लावलं आणि घरात आल्यावर मला विचारलं, त्या दिवशी आवाज येत होता का. मी मामींकडे पाहिलं.

“मंग आजवर म्या किती जणांच्या गाड्या अशाच लावून देल्या आसतील?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शटर उघडलं नाही. मी कानाचं मशीन नेऊन दिलं. त्यात सगळेच आवाज सारखे येतात म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. आता ते ओट्यावर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. मी त्यांना हे पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.
फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी पंप वाजत होता. मी तो ऐकला आणि खोटं बोललो. तुमचा मान राखतोय असं मला वाटलं. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही त्या दिवसापासून दुसऱ्याच्या कानानं काम केलं असतं. माझ्या गाडीनंतर ज्या ज्या गाड्या तुम्ही बऱ्या म्हणून पाठवल्या, त्यांचा दोष तुमचा नाही, माझा आहे.
तुमचा,
भास्कर